भूल न शिकता पेनमध्ये जायचंय? आधी अँबू बॅग हातात घ्या

ऑर्थो, फिजिकल मेडिसिन, न्यूरोलॉजी, इमर्जन्सी, नाहीतर मेडिसिन. यातल्या कुठल्याही शाखेचा शेवटच्या वर्षाचा रेसिडेंट पेन फेलोशिपचं (वेदना-उपचाराच्या पुढच्या शिक्षणाचं) मनावर घेतो, तेव्हा बहुतेक वेळा पहिलं काम एकच करतो: दोन दिवसांच्या वर्कशॉपचे पैसे भरतो. कॅडॅव्हरवर (मृतदेहावर) सुई, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. वर्कशॉप वाईट नसतात, पण तयारीची सुरुवात तिथून करणं म्हणजे पोहायला येत नसताना डायव्हिंगचा क्लास लावण्यासारखं आहे. फेलोशिपमध्ये सुई शिकवतातच, त्यासाठीच ती असते. ॲनेस्थेशियातून आलेला सहकारी पहिल्या महिन्यात तुमच्या पुढे दिसतो तो सुईमुळे नाही. टेबलावर पालथ्या झोपलेल्या पेशंटचं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८५ वर आलं की कोण काय करतो, तिथे फरक दिसतो.

हा विषय भूलतज्ज्ञांच्या हातून वाढला, हे खरं आहे. १९७३ साली आयएएसपी ही वेदनेचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी करणारे जॉन बोनिका स्वतः भूलतज्ज्ञ होते. पण दार इतरांना बंद नाही. अमेरिकेत १२ महिन्यांच्या मान्यताप्राप्त पेन फेलोशिपला फिजिकल मेडिसिन, न्यूरोलॉजी, सायकिॲट्री, इमर्जन्सी, फॅमिली मेडिसिन, रेडिओलॉजी या शाखांतूनही जाता येतं. आपल्याकडे प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा. म्हणून प्रॉस्पेक्टसमधलं पात्रतेचं कलम आधी वाचा, मग स्वप्नं बघा. 'एमडी/डीएनबी, कोणतीही क्लिनिकल शाखा' आणि 'एमडी ॲनेस्थेशिया' यांत तुमचं अख्खं वर्ष जाऊ किंवा वाचू शकतं.

आता अँबू, म्हणजे हाताने दाबून पेशंटला श्वास द्यायची पिशवी. इंदूरच्या एमवायसारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात रेसिडेन्सी करत असाल तर शिकायची जागा दोन मजल्यांच्या अंतरावर आहे आणि फी शून्य आहे. ॲनेस्थेशियाच्या एचओडींना रीतसर अर्ज द्या, तुमच्या एचओडींची सही घेऊन. महिनाभर ऑफच्या दिवशी सकाळी साडेसातला ओटीत हजर राहायची परवानगी मागा. इंट्यूबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) मागू नका. तिथे त्यांच्याच फर्स्ट इयरची रांग असते आणि तुम्हाला त्याची फारशी गरजही नाही. मागायचं ते मास्क व्हेंटिलेशन, म्हणजे मास्क धरून पिशवीने श्वास देणं. माझ्या हिशोबाने पंचवीस पेशंट झाले की हात बसतो. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर 'सी'सारखी, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर. नवशिक्या हमखास चुकतो तो इथेच: मास्क चेहऱ्यावर दाबतो. दाबल्याने हनुवटी खाली जाते, जीभ मागे पडते आणि रस्ता बंद होतो. मास्क खाली दाबायचा नसतो, जबडा मास्ककडे वर आणायचा असतो. करंगळी जबड्याच्या कोनाशी, आणि बोटं हाडावर. हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली की जीभ तीच वर ढकलतात. कवळी घट्ट बसत असेल तर मास्क देताना ती तोंडात राहू द्या. काढली की गाल आत जातात आणि बाजूने हवा सुटते. ओरल एअरवे (जीभ मागे पडू न देणारी तोंडातली नळी) तोंडाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मोजून घ्यायचा. लहान पडला तर जिभेलाच मागे ढकलतो.

त्याच महिन्यात स्पायनलही (पाठीत सुई घालून द्यायची कंबरेखालची भूल) मागून घ्या. वीसेक झाले तरी पुष्कळ. २५ गेजची सुई लिगामेंटम फ्लेव्हममधून (मणक्यांमधल्या पिवळ्या अस्थिबंधातून) जाताना बोटाला जे कळतं ते कुठल्याही व्हिडिओत कळत नाही.

सेडेशनबद्दल (गुंगी देण्याबद्दल) एकच धोरण ठेवा: जितकं कमी तितकं बरं. मिडाझोलाम हे गुंगीचं औषध १ मिलिग्रॅम द्या आणि तीन मिनिटं खरोखर थांबा. घाईत दुसरा, तिसरा मिलिग्रॅम दिला की तिन्ही एकदम चढतात, आणि साठीच्या पुढच्या माणसाचा श्वास पालथ्या स्थितीत कुणाच्या लक्षात येण्याआधी उथळ होतो. दुसरं कारण याहून मोठं. सुई नसेजवळ गेली की जागा असलेला पेशंट ओरडतो, 'पैर में करंट गया'. ती तुमची धोक्याची घंटा. गाढ झोपवलेला पेशंट ती वाजवत नाही. फेंटॅनिल (मॉर्फिनच्या जातीचं औषध) वापरत असाल तर त्याचा उतारा, नॅलोक्झोन, त्याच ट्रेमध्ये हवा. ०.४ मिलिग्रॅमचा ॲम्प्यूल १० मिलीपर्यंत पातळ केला की मिलीला ०.०४ होतो; एक-दोन मिली देत, दोन मिनिटं बघत जायचं. मॉर्फिनच्या पेशंटला त्याने जाग आली म्हणून वॉर्डात पाठवून देऊ नका. नॅलोक्झोन आधी उतरतं, मॉर्फिन मागे राहतं, आणि तासाभराने श्वास पुन्हा मंदावतो.

उपाशी राहण्याचे आकडे सगळ्यांना पाठ असतात: पाणी २ तास, हलकं खाणं ६, तळलेलं-जड ८. इंदूरमध्ये प्रश्न विचारण्याचा आहे. 'कुछ खाया?' म्हटलं की 'नहीं साब' असंच उत्तर येतं, कारण सकाळचे पोहे इथे खाण्यात धरत नाहीत. 'पोहा-जलेबी कितने बजे?' असं थेट विचारा.

यानंतर लोकल ॲनेस्थेटिकचं, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधांचं गणित. नॉन-ॲनेस्थेशिया उमेदवाराला मुलाखतीत इथेच पकडतात. लिग्नोकेन साधं ४.५ मिलिग्रॅम/किलो, ॲड्रेनॅलिनसह ७. बुपिवाकेन २ धरा. २% म्हणजे मिलीला २० मिलिग्रॅम, ०.५% म्हणजे ५. आता निमाडातून आलेली ४० किलोची बाई समोर आहे असं धरा. लिग्नोकेनची मर्यादा १८० मिलिग्रॅम, म्हणजे २%चे फक्त ९ मिली. बुपिवाकेनची ८० मिलिग्रॅम, म्हणजे ०.५%चे १६ मिली. आणि दोन्ही मिसळली तर दोन्हींची पूर्ण मर्यादा मिळत नाही, विषारीपणाची बेरीज होते: एकाची अर्धी वापरलीत तर दुसऱ्याचीही अर्धीच उरते. मायोफेशियल ट्रिगर पॉइंटच्या (स्नायूतल्या दुखऱ्या गाठींच्या) नादात खांद्यापासून कंबरेपर्यंत सात-आठ जागी २% टोचणारा ऑर्थोचा रेसिडेंट ही मर्यादा सहज ओलांडतो, आणि त्याला पत्ताही नसतो. ट्रिगर पॉइंटला ०.५ ते १% पुरतं.

मर्यादा ओलांडली किंवा औषध शिरेत गेलं तर ओठांभोवती बधिरपणा, तोंडात धातूची चव, कानात घूं घूं, बडबड, मग झटके. बुपिवाकेनला कधी यातलं काहीच नाही, थेट हृदयाची लय बिघडते. यावर उतारा शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रावणाचा: २०% लिपिड इमल्शन १.५ मिली/किलो दोन-तीन मिनिटांत, मग ०.२५ मिली/किलो दर मिनिटाला. त्याच ४० किलोला ६० मिली आणि मग मिनिटाला १० मिली. ॲड्रेनॅलिन लागलं तर नेहमीचा १ मिलिग्रॅमचा डोस नाही, किलोला १ मायक्रोग्रॅमच्या आत. प्रोपोफोल हे भुलीचं औषधही पांढरंच दिसतं म्हणून ते चालेल असं म्हणणारे भेटतात, चालत नाही. त्यात लिपिड १०%च असतं, आणि ते पुरेसं जाईपर्यंत प्रोपोफोलच इतकं जातं की हृदय अजून खाली बसतं. ज्या खोलीत ब्लॉक देता त्या खोलीत बाटली असली पाहिजे. स्टोअरमध्ये आहे, किल्ली सिस्टरकडे आहे, सिस्टर चहाला गेल्यात, ही व्यवस्था कामाची नाही.

इथपर्यंत तुमच्या उणिवा झाल्या. तुमच्याकडे जे आहे ते भूलतज्ज्ञाकडे सहसा नसतं, आणि बहुतेक उमेदवार तेच लपवून ठेवतात. फिजिकल मेडिसिनवाल्याकडे फंक्शन आणि ईएमजी (स्नायू-नसांची विद्युत तपासणी), न्यूरोलॉजीवाल्याकडे डोकेदुखी आणि न्यूरोपॅथी, इमर्जन्सीवाल्याकडे एअरवे आणि अल्ट्रासाउंड दोन्ही (या लेखाचा पहिला अर्धा भाग त्याने सोडून दिला तरी चालेल), सायकिॲट्रीवाल्याकडे ऐकण्याचा धीर. ऑर्थोवाल्याला सी-आर्म (ओटीतलं फिरतं एक्स-रे मशीन) घरच्यासारखा असतो, पण त्याला एक सवय मोडावी लागते: एमआरआयवर इलाज करण्याची. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या सुमारे ३७% लोकांच्या आणि ऐंशीतल्या ९६% लोकांच्या मणक्यांच्या चकतीत झीज दिसते. 'एल-४-५ बल्ज' (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलेली) हे निदान नाही, वयाचा दाखला आहे.

वेदना आधी शब्दांतून कळते. इंदूरच्या ओपीडीत हे सोपं नाही, कारण चार-पाच बोली एकाच रांगेत उभ्या असतात: मालवी, निमाडी, झाबुआकडची भिली, शहरी हिंदी, आणि रामबागेतल्या आजींची मराठी. 'ठणकतंय' म्हणणाऱ्या आजी आणि 'आग होतेय, मुंग्या येतात' म्हणणाऱ्या आजी या दोन वेगळ्या आजारांच्या आजी आहेत. दुखण्याच्या शब्दांची वही करा. जलन, करंट, झनझनाहट, सुन्न, चींटियाँ, सुई चुभना हे एका पानावर. टीस, भारीपन, जकडन, दबाव दुसऱ्या पानावर. डीएन-४ ही छोटी चाचणी या पहिल्या पानावरच उभी आहे: सात प्रश्न विचारायचे (आग, झोंबणारा गारवा, करंट, मुंग्या, सुया टोचणं, बधिरपणा, खाज), तीन गोष्टी तपासायच्या (स्पर्श कमी, टोचणं कमी, ब्रश फिरवल्यावर दुखणं). दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदना नसेची धरून चाला. मधुमेही पेशंटला एक जास्तीचा प्रश्न विचारा: चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं होतं का? मग १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क काढा. तिसऱ्या प्रकारची वेदना, नोसिप्लास्टिक, म्हणजे ना इजा ना नसेचा आजार आणि तरी दुखणं. हा शब्द आयएएसपीने २०१७ मध्ये स्वीकारला. फायब्रोमायल्जियाचा पेशंट या खान्यात येतो आणि त्याला सुई टोचणाऱ्याला तो आयुष्यभर पुरतो.

इंजेक्शनआधी नकार द्यायचीही तयारी हवी. आपल्या भागात पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेलं वजन, रात्री वाढणारं दुखणं असा पेशंट आला की पहिला विचार मणक्याच्या टीबीचा. त्यात एपिड्युरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर) स्टिरॉइड टाकणं म्हणजे आगीत तेल. लघवी अडकणं आणि दोन मांड्यांमधला बधिरपणा असेल तर पेन क्लिनिकचं काम फक्त एक फोन: स्पाइन सर्जनला, आत्ता.

सी-आर्म. भूलतज्ज्ञही इथे नवखाच असतो, त्यामुळे तुम्ही बरोबरीत येऊ शकता. ऑर्थोच्या ओटीत टेक्निशियनशी मैत्री करा. मशीनची भाषा तोच शिकवतो. पहिला धडा, मणके मोजणं. सॅक्रलायझेशन (कंबरेचा शेवटचा मणका खालच्या हाडाला जुळलेला) असलेल्या माणसात 'सर्वांत खालचा मणका म्हणजे एल-५' हे गृहीत चुकतं आणि ब्लॉक चुकीच्या पातळीवर जातो. शंका आली की बाराव्या बरगडीपासून खाली मोजत या आणि एमआरआयशी ताडून बघा. दुसरा, एंडप्लेट (मणक्याची वरची-खालची कड) एका रेषेत आणणं: कड दुहेरी दिसत असेल तर सी-आर्म डोक्याकडे किंवा पायाकडे कलवा. एल-५-एस-१ ला नेहमीपेक्षा जास्त कलवावं लागतं. तिसरा, स्पायनस प्रोसेस (मणक्याचं मागचं टोक) दोन पेडिकलच्या (मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या खुंटांच्या) बरोबर मधे. हे तिन्ही जमल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही. मग तिरका करा की कुत्र्याचं चित्र दिसतं. त्याचा डोळा म्हणजे पेडिकल, आणि कानाच्या मुळाशी, डोळ्याच्या वरच्या बाजूला मीडियल ब्रँच, म्हणजे फॅसेट या मणक्यांमागच्या सांध्याची नस. नसा मोजताना पाऊल घसरतं ते असं: एल-४-५ फॅसेट जॉइंटला एल-३ आणि एल-४ ची मीडियल ब्रँच जाते, एल-४ आणि एल-५ ची नाही. प्रत्येकी अर्धा मिलीच्या वर औषध टाकलं की ते शेजारच्या नसांवर पसरतं आणि चाचणी खोटी ठरते.

किरणांचं: ट्यूब टेबलाखाली, इमेज इंटेन्सिफायर (किरण झेलून चित्र दाखवणारा भाग) पेशंटला जवळजवळ टेकलेला, आणि तुम्ही इंटेन्सिफायरच्या बाजूला. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाई. टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा) छातीवर, ॲप्रनच्या आत, आणि तो रोज घालायचा. तो खुंटीवर टांगून ठेवणाऱ्यांचा रिपोर्ट नेहमीच छान येतो. आपल्याकडे मर्यादा पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३०. लेडचे हातमोजे घालून हात बीममध्ये घालू नका: मशीन समोर शिसं बघून आपोआप मारा वाढवतं.

स्टिरॉइडवर मुलाखतीत हमखास प्रश्न असतो. ट्रायॅमसिनोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेट दाणेदार, डेक्सामेथासोन विरघळलेलं. दाणे चुकून धमनीत गेले तर ती तुंबते आणि मज्जारज्जूचा किंवा मेंदूच्या खोडाचा भाग मरतो. म्हणून मानेत ट्रान्सफोरामिनल मार्गाने (नस बाहेर पडते त्या छिद्रातून) दाणेदार औषध नाही. कंबरेतही डेक्सामेथासोनने सुरुवात. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी ॲडमकिविक्झची धमनी बहुतेकांत डावीकडे असते, पण 'उजवी बाजू म्हणजे सुरक्षित' असं कुणी म्हणाला तर तो तुमचा परीक्षक नसो. एपिड्युरल स्टिरॉइडच्या दुर्मिळ पण गंभीर धोक्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१४ साली इशारा दिला. कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं द्रव) टाकताना लाइव्ह स्क्रीन चालू ठेवा; शिरेतलं कॉन्ट्रास्ट वाहून जातं, नंतर काढलेल्या एका फोटोत ते दिसतच नाही. स्टिरॉइडनंतर मधुमेह्याची साखर काही दिवस चढते, हे आधी सांगा आणि कागदावर लिहून द्या.

आणखी एक बारीक गोष्ट. क्लोरहेक्सिडिनची (कातडी पुसायच्या जंतुनाशकाची) वाटी औषधांच्या ट्रेमध्ये ठेवू नका. दोन वाट्यांत दोन द्रव आणि एक चुकीची सिरिंज, एवढ्यावर माणसाचे पाय जातात. कातडी पुसून झाली की वाटी ट्रेबाहेर, आणि तीन मिनिटं कातडी वाळू द्या.

रक्त पातळ करणारी औषधं सुईआधी इतके दिवस बंद: क्लोपिडोग्रेल ७ दिवस, वॉरफरिन ५ दिवस आणि वर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), रिव्हॉरॉक्सॅबान-ॲपिक्सॅबान ३ दिवस. पण बंद करायचं तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही. दोन महिन्यांपूर्वी स्टेंट बसलेल्याची कंबरदुखी थांबू शकते, स्टेंट थांबू शकत नाही.

औषधांत ऑर्थो आणि इमर्जन्सीवाले कच्चे असतात. ॲमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमने सुरू, म्हाताऱ्यांत आधी ईसीजी. प्रीगॅबालिन-गॅबापेंटिनला क्रिएटिनिन बघितल्याशिवाय हात नाही. ट्रायजेमिनलला (चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याला) कार्बामाझेपिन, पण सोडियमवर लक्ष. मॉर्फिन तोंडाने ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी, मधे दुखलं तर दिवसाच्या एकूण डोसचा सहावा हिस्सा, आणि पहिल्याच चिठ्ठीत पोट साफ होण्याचं औषध. उलट्या आठवडाभरात थांबतात, बद्धकोष्ठ थांबत नाही.

मॉर्फिनचा कायदाही पाठ हवा. एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा १९८५चा. २०१४च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवायला एकाच परवानगीची सोय झाली. २०१८ मध्ये ट्रामाडोलही या कायद्याखाली आलं. मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचलाच अल्कलॉइडचा कारखाना आहे, आणि तिथून काही तासांवरच्या कॅन्सरच्या पेशंटला डायक्लोफिनॅकवर दिवस काढावे लागतात. हा विरोधाभास मुलाखतीत बोलायचा विषय आहे, पण चिडून नाही. परवानगीचा फॉर्म कुठून मिळतो हे सांगता आलं तर जास्त वजन पडतं.

अल्ट्रासाउंडवर सुईचा सराव घरीच करता येतो. पाव लिटर गरम पाणी, साधारण २० ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन, एक मोठा चमचा इसबगोल. ढवळून फेस काढा, अर्धं डब्यात ओता, जमलं की वर बी नसलेली द्राक्षं ठेवा, उरलेलं ओता, रात्रभर फ्रीजमध्ये. इसबगोलाने स्क्रीनवर स्नायूसारखा करडेपणा येतो. सुई पूर्ण लांबीची दिसेपर्यंत पुढे ढकलायची नाही: एवढा एकच नियम, शंभर वेळा. (डब्यावर चिठ्ठी लावा. घरातलं कुणीतरी ती जेली समजून खातं.)

अर्जाबद्दल थोडक्यात. तीन शिफारसपत्रांपैकी एक ॲनेस्थेशियाच्या फॅकल्टीचं असावं. वरचा ओटीतला महिना त्यासाठीही आहे. पेनवरचा एक छोटा ऑडिट पुरतो: आपल्या वॉर्डात फ्रॅक्चरच्या पेशंटचं पेन स्कोअर किती वेळा नोंदलं जातं, एवढा प्रश्न आणि पन्नास केस पेपर. 'पेनच का' याला 'लाइफस्टाइल चांगली' हे उत्तर खरं असलं तरी देऊ नका.

लॉगबुकात तारीख, वय, निदान, काय केलं, किती मिली काय, स्वतः केलं की बघितलं, आणि महिन्याने काय झालं. शेवटचा रकाना कॉम्प्लिकेशनचा. दीडशे प्रोसिजर आणि तो रकाना कोरा असेल तर समोरचा वही मिटतो. त्यात 'व्हॅसोव्हेगल (नाडी मंदावून आलेली चक्कर), पाय वर, ॲट्रोपिन ०.६, दहा मिनिटांत ठीक' असं लिहिलेलं असलं की पुढचा प्रश्न त्यावरच येतो, आणि त्याचं उत्तर तुम्हाला येत असतं.